यंग ॲडल्ट व्हॅम्पायर कथांमधील क्विअर प्रेम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'यंग ॲडल्ट' म्हणजे नक्की कोणत्या वयाच्या वाचकांसाठीचे लेखन?

प्रकाशक साधारणपणे १२ ते १८ वर्षांचा वाचक डोळ्यांसमोर ठेवून हा शिक्का मारतात आणि कथेतील मुख्य पात्रे बहुधा १५ ते १८ वर्षांची असतात. प्रत्यक्षात मोठी माणसेही ही पुस्तके आवडीने वाचतात, त्यामुळे वाचकाच्या वयापेक्षा निवेदनाच्या जागेवरून हा प्रकार ओळखणे सोयीचे ठरते. प्रौढांच्या कादंबरीत पहिले प्रेम बहुतेक वेळा आठवणीतून सांगितले जाते. येथे ते घडत असतानाच, त्याचे पुढे काय होणार याचा पत्ता नसलेल्या व्यक्तीच्या तोंडून ऐकू येते. व्हॅम्पायरच्या कथेत या अजाणपणाला वेगळीच धार चढते, कारण समोरच्याच्या गाठीशी शंभर-दोनशे वर्षांचा अनुभव असतो.

'समलिंगी' हा शब्द असताना 'क्विअर' कशासाठी?

दोन स्त्रियांच्या किंवा दोन पुरुषांच्या प्रेमापुरता 'समलिंगी' हा शब्द नेमका आहे. पण या कथांत पारलिंगी पात्रे असतात, एकाहून अधिक लिंगांच्या व्यक्तींकडे ओढली जाणारी पात्रे असतात आणि शेवटचे पान येईपर्यंत स्वतःसाठी शब्दच न सापडलेली पात्रेही असतात. या सर्वांना एकत्र सामावणारा शब्द म्हणून 'क्विअर' वापरला आहे.

व्हॅम्पायर आणि क्विअर प्रेम यांची सांगड अलीकडच्या लेखकांनी घातली का?

नाही. इंग्रजी साहित्यात व्हॅम्पायर अवतरला तेव्हापासूनच ती आहे. १८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हा सरोवराच्या काठी इंग्रज कवी लॉर्ड बायरनच्या मुक्कामी भुताखेतांच्या कथा रचण्याचा जो खेळ रंगला, त्यातून बायरनचा तरुण डॉक्टर जॉन पॉलिडोरी याची 'द व्हॅम्पायर' ही कथा पुढे आकाराला आली आणि १८१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील ऑब्री हा तरुण लॉर्ड रूथवेन या गूढ उमरावाने भारावून जातो, त्याच्याबरोबर प्रवासाला निघतो आणि अखेर एका शपथेत अडकतो: रूथवेनविषयी जे कळले ते एक वर्ष आणि एक दिवस कोणालाही सांगायचे नाही. त्या दोघांमध्ये प्रेमाचा उच्चारही होत नाही. तरीही दोन पुरुष आणि त्यांच्यामधले जिवावर बेतणारे गुपित हा साचा येथेच घडला आणि पुढे नाना रूपांनी परत येत राहिला.

त्याच १८१६ साली सॅम्युएल टेलर कोलरिज याची 'क्रिस्टाबेल' ही अपूर्ण राहिलेली कविता छापली गेली. मध्यरात्री रानात भेटलेल्या जेरल्डिन या अनोळखी स्त्रीला क्रिस्टाबेल वडिलांच्या गढीत घेऊन येते आणि आपल्याच खोलीत आसरा देते. जेरल्डिन व्हॅम्पायर आहे असे कविता कोठेही म्हणत नाही. मात्र गढीच्या दारापाशी ती कोसळते, क्रिस्टाबेलला तिला उचलून उंबरठ्याच्या आत न्यावे लागते, आणि आत येताच ती पुन्हा ठणठणीत उभी राहते. या उंबरठ्याकडे पुढे परत यावे लागेल.

'कार्मिला' ही कथा किशोरवयीनांसाठी लिहिली होती का?

नव्हती, पण या प्रकाराची आजी कोण असे विचारले, तर बोट तिच्याकडेच दाखवावे लागेल. आयरिश लेखक शेरिडन ले फानू याने ती १८७१-७२ मध्ये एका मासिकातून क्रमशः प्रसिद्ध केली, म्हणजे 'ड्रॅक्युला'च्या पाव शतक आधी. निवेदिका लॉरा घटनांच्या वेळी १९ वर्षांची आहे. आई नाही, वडिलांबरोबर ऑस्ट्रियातील स्टिरिया प्रांतात एका एकाकी गढीत राहणे, आणि समवयस्क मैत्रिणीसाठी आसुसलेला जीव. अशात गढीसमोर एका घोडागाडीला अपघात होतो आणि गाडीतली देखणी, थकलेली मुलगी पाहुणी म्हणून मागे राहते. लॉराला लहानपणी एकदा रात्री आपल्या बिछान्याशी दिसलेला चेहरा हाच होता. आणि गंमत म्हणजे आपल्यालाही तेव्हा तसेच स्वप्न पडले होते, असे कार्मिलाही सांगते. नवी मुलगी, जुनी ओळख, दिवसा उशिरापर्यंत झोपणे, स्वतःच्या घराण्याविषयी काही न बोलणे: आजच्या शाळा-वसतिगृहांतल्या व्हॅम्पायर कथा हाच ऐवज वापरतात.

कथेतील एक बारकावा मात्र आवर्जून थांबून पाहण्याजोगा आहे. कार्मिलाच्या उत्कट बोलण्याने आणि जवळिकीने गोंधळलेली लॉरा तर्क करू लागते की, ही मुलीच्या वेषात घरात शिरलेला एखादा प्रियकर तर नसेल? जे घडते आहे ते प्रेमाराधन आहे हे तिने बरोबर ओळखले आहे. फक्त एक मुलगी दुसऱ्या मुलीचे आराधन करू शकते ही शक्यता तिच्या जगात उपलब्ध नसल्यामुळे तिला मधे एक काल्पनिक मुलगा आणावा लागतो. तिला एकाच वेळी ओढही वाटते आणि किळसही वाटते, आणि त्यांपैकी कोणती भावना रक्तपिपासू भुताविषयी आहे व कोणती प्रेमाविषयी, हे कथा तिला कधीच वेगळे करू देत नाही. ही गाठ सोडवणे हेच, माझ्या मते, आजच्या क्विअर व्हॅम्पायर कथांनी अंगावर घेतलेले मुख्य काम आहे.

शेवटी वडीलधारे पुरुष एकत्र येऊन कार्मिलाची कबर उघडतात आणि तिचा नायनाट करतात. लॉराला कोणी काही विचारत नाही. ती हे सारे दहाहून अधिक वर्षांनी लिहिते आहे, आणि कथेच्या अगदी अखेरच्या वाक्यातही दिवाणखान्याच्या दारापाशी कार्मिलाचे हलके पाऊल वाजल्याचा तिला भास होतो. ज्या लेखकाला नुसती भयकथा संपवायची असते, तो असा शेवट करत नाही.

त्यानंतरच्या शंभर वर्षांत काय झाले?

पुष्कळ काही झाले, पण किशोरवयीनांच्या वाट्याला त्यातले थोडेच आले. ऑस्कर वाइल्डला १८९५ मध्ये समलिंगी संबंधांवरून शिक्षा झाली आणि त्यानंतर दोनच वर्षांनी ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' प्रसिद्ध झाली. तिच्यात तीन स्त्रियांच्या तावडीत सापडलेल्या जोनाथन हार्करवर काउंट स्वतःचा हक्क सांगतो. तो क्षण अभ्यासकांनी अनेक अंगांनी वाचला आहे, पण कादंबरी तेथून घाईघाईने पुढे निघून जाते. चित्रपटांनी कार्मिलाच्या वंशातील स्त्री-व्हॅम्पायर अधूनमधून पडद्यावर आणली, ती बहुतेक वेळा धोक्याची सूचना म्हणून किंवा पुरुष प्रेक्षकांच्या मनोरंजनासाठी.

खरी कूस बदलली ती १९७६ मध्ये, ॲन राइस यांच्या 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर'मुळे. लुई आणि लेस्टाट हे दोन पुरुष एका लहान मुलीला व्हॅम्पायर करून तिघांचे घर थाटतात, आणि येथे व्हॅम्पायर स्वतःची कहाणी स्वतः सांगतो. क्लॉडिया ही ती मुलगी पाच वर्षांच्या देहात अडकून मनाने बाई होत जाते; वाढ खुंटलेल्या अमरत्वाची यापेक्षा कडू कथा नंतरच्या यंग ॲडल्ट लेखनातही क्वचितच सापडते. पुढे १९८१ मध्ये एड्सची पहिली नोंद झाली, समलिंगी पुरुषांच्या रक्ताविषयी समाजात भीती आणि तिटकारा पसरला, आणि रक्ताची प्रत्येक कथा आपोआप त्या सावलीत वाचली जाऊ लागली. त्या सावलीतून बाहेर पडणारे पुस्तक म्हणजे ज्युएल गोमेझ यांचे 'द गिल्डा स्टोरीज' (१९९१). त्याची नायिका १८५० मध्ये लुइझियानात गुलामगिरीतून पळालेली कृष्णवर्णीय मुलगी आहे आणि कथा २०५० पर्यंत जाते. येथील व्हॅम्पायर रक्त घेतात तेव्हा त्या माणसाच्या मनातील इच्छा जाणून घेऊन त्याला बदल्यात काहीतरी देऊन जातात. ओरबाडण्याच्या जागी देवघेव आली, आणि इतका छोटा फेरफार करून गोमेझ यांनी व्हॅम्पायरची सगळी नीतीच पालटून टाकली.

'ट्वायलाइट'मध्ये क्विअर पात्रे नाहीत. मग तिचा या विषयाशी संबंध काय?

संबंध बाजारपेठेचा आणि साच्याचा आहे. स्टेफनी मायर यांची ही कादंबरी २००५ मध्ये आली आणि शाळेत आलेली नवी मुलगी, अलिप्त देखणा व्हॅम्पायर, जवळ यावे तर जिवाला धोका, ही मांडणी घरोघरी पोहोचली. स्वतःच्या ओढीला घाबरणे, ती लपवणे, घरच्यांपासून दुहेरी आयुष्य जगणे, हे सर्व क्विअर वाचकांच्या ओळखीचे होते. फक्त कथेत ते स्वतः नव्हते. त्यांच्यापैकी काहींनी ती पोकळी चाहत्यांच्या कथा लिहून भरली.

या कथांत क्विअर पात्रांचा मृत्यूच का होतो?

ही तक्रार जुनी आहे आणि रास्त आहे. 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर' या मालिकेचे उदाहरण सर्वांत बोलके ठरेल. १९९९ मधील एका भागात नायिका बफीची मैत्रीण विलो हिची दुसऱ्या जगातील व्हॅम्पायर प्रतिमा प्रकट होते, आणि आपले हे रूप मुलींकडे ओढले जाणारे दिसते, असे विलो स्वतःच अवघडून बोलून दाखवते. म्हणजे जी गोष्ट माणूस-विलोला अजून उमगलेली नाही, ती तिच्या व्हॅम्पायर रूपाने आधीच उघड केली. त्यानंतर विलो आणि टारा या दुसऱ्या तरुणीचे प्रेम हळुवारपणे, पुरेसा वेळ देऊन रंगवले गेले. आणि २००२ मध्ये टारा मारली गेली, तीही कोणा व्हॅम्पायरकडून नव्हे, तर दुसऱ्यासाठी झाडलेल्या बंदुकीच्या गोळीने. दुखावलेल्या प्रेक्षकांचा आक्षेप असा होता की, प्रेम पूर्णत्वाला पोहोचताच शिक्षा व्हावी तसा तो मृत्यू आला.

व्हॅम्पायर कथेत या आक्षेपाला आणखी एक पदर असतो. येथे मरण हा शेवट नसून सुरुवातही असू शकते, त्यामुळे लेखकाला 'मारले, पण गमावले नाही' अशी पळवाट सहज मिळते. ती वापरलेली दिसली की, मी एकच गोष्ट पाहतो: मेल्यानंतर त्या पात्राला स्वतःच्या इच्छा, स्वतःचे निर्णय आणि पुढचे आयुष्य मिळते का, की ते फक्त जिवंत प्रेयसीच्या दुःखाचे निमित्त होऊन उरते.

आमंत्रणाशिवाय घरात न येण्याचा नियम आणि संमती यांचा खरोखरच संबंध आहे का?

आहे, आणि या प्रकारातील उत्तम लेखन बहुधा याच नियमाभोवती उभे राहते. बोलावल्याशिवाय व्हॅम्पायरला उंबरठा ओलांडता येत नाही, हा नियम मुळात घराच्या रक्षणासाठी कल्पिलेला आहे. परंतु 'क्रिस्टाबेल'मध्ये पाहिल्याप्रमाणे, आत घेणाऱ्या व्यक्तीला आपण कोणाला आत घेतो आहोत याची कल्पनाच नसेल, तर त्या आमंत्रणाला अर्थ उरत नाही. जुन्या कथांतले आमंत्रण हे असे फसवून मिळवलेले असते.

आजचे लेखक हा नियम उलटून वापरतात. मी कोण आहे हे व्हॅम्पायर आधी सांगते. समोरची मुलगी ते ऐकून विचार करते, कधी दार लावून घेते, कधी दोन रात्रींनी उघडते. दिलेले आमंत्रण परत घेता येते आणि ते परत घेतले की, व्हॅम्पायरला निघावे लागते. 'हो' म्हणणे, 'नाही' म्हणणे आणि 'आधी हो म्हटले होते, आता नाही' म्हणणे या तिन्ही गोष्टी एका दारात उभे राहून दाखवता येतात. किशोरवयीन वाचकाला संमतीवर व्याख्यान देण्यापेक्षा हे कितीतरी परिणामकारक आहे. शिवाय क्विअर मुलांसाठी या दाराला दुसराही अर्थ आहे: आपण कोण आहोत हे सांगितल्यावर कोण आत घेईल आणि कोण दार बंद करेल, हा प्रश्न त्यांच्यासाठी निव्वळ कल्पनेतला नसतो.

चावा हा त्याच्या पुढचा टप्पा. तेथे मात्र अनेक पुस्तके घसरतात. भुकेने भान हरपून घेतलेला चावा आणि प्रेमाने मागितलेला चावा यांत फरक न करणारे लेखन, दीडशे वर्षांपूर्वीची लॉराची गाठ सोडवण्याऐवजी आणखी घट्ट करते.

वयाचा फरक खटकत नाही का?

खटकतो, आणि खटकायलाच हवा. 'ट्वायलाइट'मधील व्हॅम्पायर नायक एडवर्ड याचा जन्म १९०१ चा आहे आणि तो १७ वर्षांचा दिसतो. त्याला शाळेत बसवले म्हणून तो शाळकरी होत नाही. क्विअर कथेत हा प्रश्न अधिक नाजूक होतो, कारण 'मोठ्या वयाची माणसे कोवळ्या मुलामुलींना बिघडवतात' हा समलिंगी व्यक्तींवरचा जुना, खोटा आरोप आहे आणि शतकांचा व्हॅम्पायर नकळत त्या आरोपालाच खतपाणी घालू शकतो.

यावर लेखकांनी काढलेला सर्वांत सरळ उपाय म्हणजे व्हॅम्पायरलाही खरोखर तरुण ठेवणे: नुकतीच व्हॅम्पायर झालेली मुलगी, किंवा व्हॅम्पायर घराण्यातच जन्मून इतरांप्रमाणे वाढणारी मुलगी. सोनिया हार्टल यांची 'द लॉस्ट गर्ल्स' (२०२१) वेगळा रस्ता धरते. १९८७ मध्ये एका देखण्या व्हॅम्पायरच्या शाश्वत प्रेमाच्या वचनाला भुललेली हॉली त्याने सोडून दिल्यानंतरही १६ वर्षांचीच राहिली आहे, आणि त्याच्या इतर सोडलेल्या मैत्रिणींबरोबर ती सूड घ्यायला निघते. वाटेत तिचे मन जडते ते त्याने हेरलेल्या पुढच्या मुलीवर. अमर प्रियकर कोवळ्या मुलीच का शोधतो, हा बहुतेक पुस्तकांनी टाळलेला प्रश्न येथे कथेच्या मध्यभागी आहे.

क्विअर व्यक्तीला राक्षस दाखवणे अपमानास्पद नाही का?

ते राक्षस कशामुळे आहेत यावर अवलंबून आहे. एखादी मुलगी मुलीवर प्रेम करते म्हणून ती भयंकर, असे कथा सुचवत असेल, तर ते १८७२ मध्येच अडकून राहणे झाले. परंतु ती भुकेली आहे, सूर्याला घाबरते, शंभर वर्षांनी आपली माणसे राहणार नाहीत हे जाणून आहे आणि शिवाय ती मुलीवर प्रेम करते, अशी मांडणी असेल, तर प्रेम हा तिच्यातला सर्वांत साधा, माणसासारखा भाग ठरतो. माझ्या ओळखीच्या कित्येक क्विअर वाचकांना गोड, निर्दोष, सर्वांना पटेल अशा पात्रापेक्षा दात असलेले पात्रच जवळचे वाटते. सतत आदर्श वागण्याची सक्ती हीसुद्धा एक प्रकारची कैद असते.

कोठून सुरुवात करावी?

'कार्मिला' लहान आहे. दोन बैठकींत संपते. तिच्यावरून कॅनडात २०१४ ते २०१६ या काळात याच नावाची वेब-मालिका झाली आणि २०१७ मध्ये चित्रपट आला. मालिकेतील लॉरा महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला असून सगळी हकिगत खोलीतल्या कॅमेऱ्यासमोर बसून सांगते. ही लॉरा स्वतःच्या आवडीविषयी एका क्षणासाठीही गोंधळलेली नाही. तिची तक्रार एवढीच आहे की, खोलीतली नवी सोबतीण पसारा करते आणि बहुधा व्हॅम्पायर आहे. मूळ कथा वाचून लगेच ही मालिका पाहिली, तर मधल्या काळात काय बदलले ते वेगळे सांगावे लागत नाही.

लघुकथा आवडत असतील, तर झोरायदा कॉर्डोव्हा आणि नॅटली सी. पार्कर यांनी संपादित केलेला 'व्हॅम्पायर्स नेव्हर गेट ओल्ड' (२०२०) हा संग्रह पाहावा. त्यातील व्ही. ई. श्वाब यांच्या कथेवरून 'फर्स्ट किल' ही मालिका २०२२ मध्ये आली: एक मुलगी व्हॅम्पायर घराण्यातली, दुसरी व्हॅम्पायर मारणाऱ्या घराण्यातली. आठ भागांनंतर ती बंद करण्यात आली, त्यामुळे कथा अर्ध्यावर तुटते, हे आधीच ठाऊक असलेले बरे. 'गिल्डा स्टोरीज' प्रौढांसाठी आहे. ती थोडी नंतर वाचावी, पण वाचावीच.

अशी कथा मराठीत लिहायची असल्यास काय लक्षात ठेवावे?

'व्हॅम्पायर'ला मराठी शब्द शोधण्यात फार वेळ घालवू नये. 'पिशाच' म्हटले की, भलतीच भुते गोळा होतात, आणि 'रक्तपिपासू' हा शब्द प्रेमपत्रात बसत नाही.

खरी परीक्षा क्रियापदांची आहे. 'मी आलो' किंवा 'मी आले' म्हणताच निवेदकाचे लिंग उघड होते, त्यामुळे स्वतःला कोणत्याच चौकटीत न बसवणाऱ्या पात्राला पहिल्याच वाक्यात चौकट निवडावी लागते. पण मराठीत पळवाटाही आहेत. 'मी जाईन', 'मी वाट पाहीन' यांत लिंग दिसत नाही, आणि ज्याला कधी मरायचेच नाही अशा पात्राने भविष्यकाळात बोलणे शोभूनही दिसते. 'मला ती आवडली' यात तिचे लिंग कळते, सांगणाऱ्याचे कळत नाही. तृतीयपुरुषात अशा पात्रासाठी 'ते' वापरावे, तर वाचकाला तो आदरार्थी वाटतो; एरवी ही अडचणच, पण सतरा वर्षांच्या चेहऱ्यामागे तीनशे वर्षे लपलेली असतील, तर दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडतात. आणि आमंत्रणाचा तो प्रसंग तर सकर्मक भूतकाळात मुद्दाम योजल्यासारखा बसतो: 'मी दार उघडले. मी तिला आत बोलावले.' येथपर्यंत बोलावणारी व्यक्ती कोण हे वाचकाला ठाऊक नसते. पुढच्या वाक्यात ती दारातून बाजूला 'सरलो' म्हणते की 'सरले', हे लेखकाने तेथे पोहोचण्याआधी ठरवलेले असावे.